आधी केस मागे घे म्हणतोय, घेऊ का?

प्रश्न : ताई, मी पुण्याची, ३ वर्षं झाली माहेरीच आहे. छळाच्या मुद्द्यावर मी डिव्होर्सची केस टाकलीय, पण अजून माझी उलटतपासणीसुद्धा संपलेली नाही. ४९८अ ची (सासरच्या छळाची) पोलीस कंप्लेंट पण आहे. आता नवऱ्याचा निरोप आलाय की म्युच्युअलने (दोघांच्या संमतीने) डिव्होर्स करू, १२ लाख एकरकमी देतो, मुलगी (वय ६) तुझ्याकडेच राहू दे, पण आधी तू केस मागे घे मग नवीन अर्ज टाकू. आई म्हणते घे आणि मोकळी हो. आणि म्युच्युअलला परत ६ महिने थांबावं लागतं म्हणे, खरंय का?

उत्तर : म्युच्युअल करा, पण केस आधी मागे घेऊ नका. तुम्ही मागे घेतली आणि तो महिनाभराने फिरला तर आजवरच्या सगळ्या तारखा पाण्यात, परत पहिल्यापासून सुरुवात. आणि फिरता येतं बरं का, डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) होईपर्यंत संमती काढून घेता येते, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच हे सांगून ठेवलंय.

केस मागे घ्यायची गरजही नाही. चालू केसमध्येच दोघांनी मिळून अर्ज द्यायचा की हा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ चा दावा १३ब मध्ये म्हणजे म्युच्युअलमध्ये बदलून द्या, सोबत सह्या केलेल्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटी. त्यात एक ओळ आठवणीने घाला, तडजोड मोडली तर मूळ दावा पुढे चालवायची मुभा राहील.

६ महिन्यांचं म्हणाल तर कायद्यात ते आहे, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलं की ही मुदत माफ करता येते. तुम्ही ३ वर्षं वेगळ्या राहताय, पोटगी आणि मुलीचा ताबा ठरलाय, समेटाचे प्रयत्न झालेत, तर माफीचा अर्ज जरूर द्या, मात्र ते शेवटी जजसाहेबांच्या हातात.

आता कन्सेंट टर्म्स, खरी गोम इथेच असते. माझ्याकडच्या एका केसमध्ये "स्त्रीधन परत केले" एवढंच लिहिलेलं, यादी नाही, मग शेवटच्या तारखेला चांदीचं ताट आणि २ वाट्यांवरून कोर्टाच्या पॅसेजमध्येच वाजलं आणि सगळं दीड महिना लांबलं. म्हणून बांगड्या किती, मंगळसूत्र किती तोळ्याचं, सगळं लिहा. १२ लाख कधी, कसे, तेही लिहा. निम्मे अर्जाच्या वेळी आणि उरलेले शेवटच्या तारखेला डीडीने, डीडी दाखवल्याशिवाय शेवटचं स्टेटमेंट द्यायचं नाही. मुलीच्या शिक्षणाचा खर्च या १२ लाखात धरलाय का ते आधी विचारा, बहुतेक धरलेला असतो आणि कुणी बोलत नाही. तिच्या पोटगीचा हक्क तिचा आहे, तुम्ही सही करून तो सोडून देऊ शकत नाही. नवरा मुलीला कधी भेटणार, दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत काय, हेही त्यातच.

४९८अ फॅमिली कोर्टात मिटत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन ती रद्द करून घ्यावी लागते आणि तुमचं ना हरकत ॲफिडेव्हिट लागतं. ते कधी द्यायचं हेही टर्म्समध्ये ठरवून ठेवा, पैसे हातात यायच्या आधी सही करून ठेवायची नाही. आईंना सांगा, मोकळी होतेच आहे, फक्त डीडी बघून.