मोहिमा आहेत, मलिक अंबर कुठे आहे?

प्रश्न : ज्या लेखकांच्या दुष्काळावरील कादंबऱ्या मी पुन्हापुन्हा वाचत आलो, त्यांची अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यावरील नवी कादंबरी मोठ्या उत्सुकतेने विकत घेतली; पण निम्म्यातच मन उतरले. तीत अंबर पाणचक्कीच्या हौदाकाठी बसून सरदारांशी मसलत करतो. पाणचक्की तर त्याच्या नंतरची! त्याहून खटकते ते हे की, त्याच्या तोंडी सतत भाषणेच आहेत. मित्र म्हणतात, ‘ही कादंबरी आहे, इतिहासाचे पुस्तक नव्हे.’ माझी अपेक्षाच चुकीची आहे का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपली अपेक्षा मुळीच चुकीची नाही. ही कादंबरी मीही वाचली आणि आपल्याइतकाच हिरमुसलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की अंबर १६२६ मध्ये वारला तेव्हा अस्तित्वातच नव्हती. परंतु ही चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येईल. मला अधिक वाईट वाटले ते लेखकाने हातचे पाणी सोडून दिले याचे.

आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीपर्यंत आणले. तो उतार कोणी जोखला असेल, अंधारात खोदणाऱ्यांना कशाची धास्ती वाटली असेल, पहिले पाणी आले तेव्हा बायाबापड्या काय बोलल्या असतील, हे लिहायला कोरड्या आडांची आणि टँकरची वाट पाहणारी गावे जिवंत करणाऱ्या या लेखकाइतका योग्य माणूस मराठीत दुसरा कोण? आणि ती नहर येथे जेमतेम परिच्छेदभरात आटोपते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूच्या छावणीत चिखल करून सोडला, तो प्रसंगही घोषणांच्या गदारोळात बुडाला आहे.

मित्रांचे म्हणणे मला वेगळ्या अर्थाने मान्य आहे. कादंबरीकाराला सूट असतेच. पण ती कागदपत्रे जेथे गप्प होतात तेथे खरी उपयोगी पडते. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात अंबरला अपशब्दच वाहिले. हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) बाजारामागून बाजार विकला जात दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा दिवाण चंगीझखान याने विकत घेतलेल्या त्या पोराला रात्री कोणाची आठवण येत असे, हे मात्र कोणत्याही बखरीत सापडत नाही. तेथे शिरण्याऐवजी लेखक मोहिमांच्या तपशिलातच अडकून राहिले, म्हणून त्यांचा अंबर बोलतो पुष्कळ, पण भेटत नाही.

पाणचक्कीची चूक आपण पृष्ठक्रमांकासह प्रकाशकांना कळवावी. लेखकांना मात्र स्वतंत्र पत्र लिहावे आणि नहरीचे प्रकरण आपल्याला त्यांच्याच हातून वाचायचे होते, हे त्यात आवर्जून सांगावे.