वजनाच्या ऑपरेशननंतर हाडं झिजली, पण रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, मग गोळ्या बंद करायच्या का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. वहिनींचं स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी पोट कापून लहान करायचं, ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं, ३८ किलो उतरले, डेक्सात (हाडांची घनता मोजायचा स्कॅन) ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडांची सुरुवातीची झीज, आलाय आणि रक्तातलं कॅल्शियम ९.१ म्हणजे नॉर्मल, म्हणून घरचे म्हणायलेत की आता गोळ्या कशाला. बंद करू नका. आणि कॅल्शियम नॉर्मल आलं ह्या कारणानं तर मुळीच नको, ह्याच आकड्यानं मला तीन वर्षं गंडवलं.

मी परभणीची, शाळेत शिकवते. माझं बायपास (काळजाचं नव्हे, वजनासाठी पोटाचं) २०१७ ला झालं, तेव्हा मी ४६ ची होते आणि वजन ११२. दोन वर्षात ७१ वर आले, पहिलं वर्ष गोळ्या अगदी घड्याळ लावून घेतल्या, मग शाळा, परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, आणि वजन तर उतरलेलंच होतं, म्हणलं आता काय राहिलंय. २०२० च्या पावसाळ्यात अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरले, हात टेकवला अन् मनगट मोडलं. उभ्या उभ्या पडल्यावर मनगट मोडायचं हे काही वय नव्हतं. हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं, ८.९. नॉर्मल! प्लास्टर घालून घरी पाठवलं. पुढं एका मैत्रिणीनं मागं लागून संभाजीनगरला हार्मोनच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी कॅल्शियमसोबत पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी करायला लावलं. पीटीएच १४८ आलं, वरची हद्द साधारण ६५ असते, आणि डी ११, जे ३० च्या वर पाहिजे.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. घरातला ज्वारीचा डबा रोज काठोकाठ भरलेला दिसतो, पण बाजारातून ज्वारी येतच नाही, कोणीतरी रोज पेवातून काढून डबा भरतंय. डबा म्हणजे रक्त आणि पेव म्हणजे हाडं. शरीराला रक्तातलं कॅल्शियम ठराविक पातळीवर ठेवावंच लागतं, नाहीतर काळीज आणि स्नायू नीट चालत नाहीत, मग पोटातून मिळालं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच सोडतात आणि ते हाडातून कॅल्शियम काढून आणतं. म्हणून डबा बघून काही कळत नाही, डबा भरणाऱ्याला विचारावं लागतं, म्हणजे पीटीएच. वहिनींचं पीटीएच, २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि अल्कलाइन फॉस्फटेज, ह्या तीन टेस्ट आधी करून घ्या.

आता पोटातून मिळत का नाही. बायपासमधे आतड्याचा सुरुवातीचा भाग, जिथं कॅल्शियम सगळ्यात चांगलं शोषलं जातं, तोच वगळलेला असतो. स्लीव्हमधे आतडं जागेवर असतं, म्हणून नुकसान कमी, पण होत नाही असं नाही, खाणं कमी झालेलं असतं, पोटातलं आम्ल बी कमी झालेलं असतं. शिवाय ११२ किलो उचलून फिरणारी हाडं अचानक ७१ उचलू लागतात, भार कमी झाला की हाड बी स्वतःला हलकं करतं. चरबी गेली की तिच्यातून तयार होणारं इस्ट्रोजेन घटतं, आणि पाळी जायच्या वयाच्या बाईला हे आणखी महागात पडतं. म्हणजे थोडी झीज होणारच, ती वाजवीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही एवढंच आपल्या हातात.

गोळ्यांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण मी इथंच फसले होते. माझ्या गोळीवर मोठ्या अक्षरात कॅल्शियम सायट्रेट १००० असं होतं, मी दिवसाला दोन घ्यायचे आणि समजायचे की २००० झाले, गरजेपेक्षा जास्तच. पण सायट्रेटमधे खरं कॅल्शियम साधारण २१ टक्केच असतं, म्हणजे एका गोळीत २१० मिलिग्रॅम. दोन गोळ्यांचे झाले जेमतेम ४२०! स्लीव्ह आणि बायपासवाल्यांना खाणं धरून दिवसाला १२०० ते १५०० लागतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात एलिमेंटल कॅल्शियम किती ते लिहिलेलं असतं, चष्मा लावून तेवढंच वाचायचं. कार्बोनेटमधे ४० टक्के असतं, स्वस्त बी असतं, पण ते विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि वरून ॲसिडिटीची पॅन्टोची गोळी चालू असेल तर उरलंसुरलं आम्ल बी जातं, म्हणून आपल्यासाठी सायट्रेट बरं. घ्यायचंच झालं तर कार्बोनेट जेवणासोबतच. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून वाटून घ्यायचं. लोहाच्या गोळीत आणि ह्यात किमान दोन तासांचं अंतर, थायरॉइडची गोळी असेल तर चार. मी सकाळी थायरॉइड, दुपारी आणि रात्री दोन दोन सायट्रेट, लोह संध्याकाळी साडेपाचला, आमचे हे म्हणतात तुझं टाइमटेबल शाळेच्या बेलपेक्षा कडक आहे.

डी साठी मला आठवड्याला ६०,००० युनिटचं पाकीट दिलं होतं, नंतर रोजचा डोस. आठवड्याचं पाकीट चुकून रोज घेऊन बसू नका, आमच्या ओळखीत एकांनी घेतलं आणि उलट्या होऊन ॲडमिट व्हावं लागलं. मराठवाड्यात एवढं ऊन, मग डी कमी कसं, असं मला बी वाटायचं. पण आपण उन्हातून पदर घेऊन पळतच जातो की.

खाण्यात भाकरीवर भरवसा ठेवू नका, ज्वारीत कॅल्शियम फारच थोडं. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, दही, ताक ह्यात आहे. मी तिळाची चटणी करून ठेवते, दह्यासोबत रोज दोन चमचे. पोट लहान झालेलं असतं, म्हणून घासाची निवड महत्त्वाची, आधी पनीर, अंडं, डाळ आणि मग जागा उरली तर भाकरी. प्रोटीन दिवसाला ६० ग्रॅम तरी पाहिजेच, हाड नुसतं कॅल्शियमचं नसतं. पाणी बी भरपूर, आपल्याला मुतखड्याची भीती जास्त असते, बायपासवाल्यांना तर अजूनच.

चालणं चांगलं पण तेवढ्यानं भागत नाही, हाडाला ओझं लागतं. मी आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, पाण्याच्या बाटल्या उचलते, रबराचा पट्टा ओढते. ह्यानं झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. वहिनींना मशेरीची सवय असेल तर ती आधी सोडवा, (रागवू नका, आमच्याकडं घरोघरी असते म्हणून विचारलं) तंबाखू हाडाला वाईटच.

कोणी लगेच हाड घट्ट करायची आठवड्याची गोळी लिहून दिली तर ऑपरेशन झालंय हे आवर्जून सांगा, ती गोळी शिवलेल्या पोटाला चरे पाडू शकते, अल्सर होऊ शकतो. आमच्यासारख्यांना गरज पडली तर वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात, पण त्याआधी डी आणि कॅल्शियम भरून काढलेलं पाहिजे, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. ऑस्टिओपेनियात, म्हणजे टी स्कोअर उणे १ ते उणे २.५ असताना, सगळ्यांनाच ते लागत नाही. मला लागलं, कारण मनगट मोडलेलं होतं.

आणि गावात मोफत हाडांची तपासणी म्हणून टाच मशीनमधे ठेवायचं शिबिर लागतं ना, त्याच्या आकड्यावर विसंबू नका. पुढची डेक्सा दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत आणि झीज वाढली का थांबली ते कळतच नाही. जुन्या रिपोर्टाची झेरॉक्स सोबत न्या, माझा पहिला रिपोर्ट हरवला होता, त्यामुळं किती गेलं ते मला आजवर कळलेलं नाही.