उत्तर: भरावाच्या पायथ्याशी, पाइपालगत ओल

तुमच्या तलावाच्या मातीच्या भरावातून पाणी बाहेर नेणारा जो पाइप आहे, त्याच्या खालच्या तोंडालगत ओल आहे, तिथे काळी माती ठोकून वरून सिमेंट मारणार आहात, हे वाचलं आणि धस्स झालं. ते सिमेंट आधी बाजूला ठेवा. आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

पाझर अडवायचा तो पाण्याकडच्या अंगाने. खालून बूच मारलं की पाणी थांबत नाही, भरावातच तुंबतं. आतला दाब वाढतो, उतार फुगून ढासळतो, नाहीतर पाणी हातभर बाजूला नवी वाट काढतं. खालच्या अंगाला पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी धुतलेल्या जाड वाळूचा 20–30 सेंमी थर, त्यावर बारीक खडी, मग जाड खडी, वर वजनाला दगड. मातकट वाळू नको, ती गाळत नाही, तुंबते.

‘मातीचं धरण म्हटल्यावर पाझरणारच’ असं सांगून एका कार्यालयाने वाटेला लावलं होतं. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. पाणी नितळ की गढूळ, हे कुणी विचारलंच नाही! गढूळ म्हणजे भरावातली माती वाहून जातेय. पाझराचं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळ बघा. पाणी एका नळीत आणून 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 40 सेकंद म्हणजे मिनिटाला 15 लिटर. शेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी तीच असून झिरपा वाढत असेल, तर आत काहीतरी बिघडतंय. पावसाच्या दिवसाचे आकडे यात धरू नका.

बरणीच्या तळाला माती बसली तर वाट बघू नका. तलाव उतरवायला व्हॉल्व्ह उघडा, खालच्या वस्तीला कळवा, अभियंत्याला बोलवा. 1976 साली अमेरिकेतल्या टिटॉन धरणात सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. पाझर नितळ असेल तर मात्र तलावाची पातळी दिवसाला फूटभरच उतरवा; झपाट्याने उतरवलं तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

मुळात पाइपालगतच का पाझरतं? गोल पाइपाच्या पोटाखाली रोलर पोचत नाही, माती पोकळ राहते. पूर्वी यावर पाइपाभोवती काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे आडव्या कडा, घालत, पण कॉलरभोवतीही माती ठोकून नीट बसत नाही. माझं मत विचाराल तर, दुरुस्तीत भराव उघडणारच असाल तर पाइपाच्या खालच्या टोकाकडे चारी बाजूंनी वाळूची गाळणी घाला आणि तिचं पाणी पायथ्याशी बाहेर काढा. अर्थात हे जागा न बघता लिहितोय. थरांची मापं तुमच्या मातीची चाळणी-चाचणी (कण किती जाड-बारीक ते बघणं) करूनच ठरवायची, आणि ती धरणांचं काम केलेल्याकडूनच. घरं बांधणाऱ्याकडून नको.

आणि हो, फोटोत सांडव्यावर माशांसाठी जाळी दिसतेय. ती आजच काढा. पहिल्या पुरात पालापाचोळा अडकून तिची भिंत होते, मग पाणी माथ्यावरून जातं.