ठाण्यातला विक्रेता ‘भारतात अशी पाचच उरलीत’ म्हणून जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे जास्त पैसे मागतोय, द्यावेत का?

नाही, ‘पाचच उरलीत’ या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नका. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धानंतरही वर्षानुवर्षं बनत होती, आपल्याकडे परवान्यावर भरपूर आली, आणि कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर त्याच धर्तीचं आहे. मग भाव एवढा का? १९८० च्या दशकात खासगी आयात जवळपास बंद झाली, म्हणून परदेशी बनावटीचं कुठलंही चालू हत्यार इथे महाग विकलं जातं. हा तुटवडा सगळ्याच परदेशी हत्यारांना लागू आहे. त्यावरून हे विशिष्ट मॉडेल दुर्मिळ ठरत नाही, आणि विक्रेते नेमकी हीच गल्लत करतात. पाच हा आकडा कुठून आला ते विचारा. ‘सगळे म्हणतात’ हे उत्तर चालणार नाही. त्याऐवजी हे बघा:

- फ्रेमवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का
- पॉलिश मूळचं आहे की नंतर चढवलेलं (नवं चढवलं असेल तर संग्राहकासाठी किंमत उतरते)
- नळीच्या आतला गंज

एक अपवाद: एखाद्या संस्थानासाठी किंवा पलटणीसाठी कोरलेलं हत्यार खरंच वेगळं असू शकतं, पण त्याची जुनी कागदपत्रं हवीत, नुसती कोरीव अक्षरं पुरत नाहीत. आणि आधी परवाना. तो नसेल तर बयाणाही देऊ नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार खासगी विक्रेत्याने विक्रीच्या ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारापुरतंच खरं आहे.