कूलरच्या आवाजात फाटकावरचा माणूस कळावा म्हणून

तुम्ही विचारलंय, की घरी काम करताना कूलरमुळे बाहेरची हाक ऐकू येत नाही, तर कॅमेऱ्याने माणूस ओळखून टेबलावर दिवा लावणारं यंत्र घरच्या घरी करता येईल का. येईल. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या टेबलावर एक आहे, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलेलं.

आधी मी स्वस्तातला पीआयआर सेन्सर, म्हणजे उष्णतेवरून हालचाल ओळखणारा, लावून पाहिला. हिवाळाभर छान चालला. पण तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक टिपतो. एप्रिल-मेमध्ये भिंत अंगाइतकीच तापली की त्याला माणूस दिसेना, आणि गरम वाऱ्याची झुळूक आली की उगाच बोंब मारायचा. आपल्याकडे त्याच्या नादी लागू नका.

मग फाटकावर वायफाय कॅमेरा लावला आणि जुन्या कॉम्प्युटरवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत योलोचं, म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या तयार प्रोग्रॅमचं, सगळ्यात लहान, नॅनो मॉडेल चालवलं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सेकंदाला दोन-तीन फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली चित्रं, तपासल्या तरी भागतं. हे मॉडेल कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं, त्यात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. गाय आहे, मेंढी आहे, बकरी मात्र नाही. आमच्या बकरीला ते कधी मेंढी म्हणतं, कधी कुत्रा. म्हणू दे, आपल्याला फक्त माणूस हवा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. परसातलं बुजगावणं त्याला माणूस वाटलं आणि दिवा दिवसभर पेटलेला! म्हणून आता मॉडेल माणसाभोवती जी चौकट आखतं तिच्या खालच्या कडेचा मधला बिंदू, म्हणजे साधारण पाय जिथे टेकतात ती जागा, फाटकासमोरच्या पट्ट्यात असेल तरच मोजतो. तेही लागोपाठ तीन फ्रेममध्ये दिसला तर. दोरीवरच्या सदऱ्याचा त्रासही त्यानेच गेला.

दुसरी खोड ओपनसीव्हीची, म्हणजे कॅमेऱ्याची चित्रं वाचून देणाऱ्या लायब्ररीची. तपासणी हळू असली की जुन्या फ्रेम मागे साचत जातात, आणि पोस्टमन निघून गेल्यावर दिवा लागतो. फ्रेम वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या सोबतीने चालणाऱ्या दुसऱ्या भागाला, द्या आणि फक्त शेवटची ठेवा. हे कळायला मला आठवडा लागला.

दिव्यासाठी यूएसबीला जोडलेला आर्डुइनो नॅनो (कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून दिवा लावणारा छोटा बोर्ड), एक एलईडी आणि 220 ओहमचा रेझिस्टर पुरे. प्रोग्रॅमने त्याच्याशी जोडणी (पोर्ट) उघडली की हा बोर्ड रीसेट होतो, म्हणून सुरुवातीला दोन सेकंद थांबा. घरच्या 230 व्होल्टच्या बल्बच्या भानगडीत पडू नका. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं अंगण येऊ देऊ नका. मी तर फोटो साठवतच नाही.

लाईट गेल्यावर काय, असं विचाराल. इन्व्हर्टर मी जोडलेला नाही. लाईट गेली की कूलरही बंद पडतो, मग "कोणी हाय का घरी?" हे कानानेच ऐकू येतं.