‘मॅडम, पाच मिनिटं आहेत का?’

सरकारी खात्यांच्या संगणक विभागांत वरिष्ठ पदांवर असलेल्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. नव्या मुली, घरात पहिल्यांदाच कुणी या क्षेत्रात आलंय अशी मुलं, अपंग सहकारी, सगळे अडलं की त्यांच्याच टेबलाशी येतात. मदत करावी तर स्वतःचं काम मागे पडतं, बढतीच्या वेळी हे कुणी मोजत नाही आणि हात आखडता घेतला तर मन खातं. अशाच एका प्रकरणाबद्दल सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

या बाई अनुदान वाटपाच्या प्रणालीच्या प्रमुख विश्लेषक होत्या. बढतीच्या यादीत दुसऱ्यांदा नाव नव्हतं. वार्षिक अहवालातला शेरा त्यांना तोंडपाठ होता : ‘मनमिळाऊ, सहकार्यशील, कनिष्ठांना मदत करतात.’ शेरा चांगलाच म्हणायचा, पण तो वाचून कुणाला तांत्रिक प्रमुख नेमावंसं वाटणार नाही.

पहिलं काम दिलं ते नोंदवहीचं. दोन आठवडे, दिवसभरात कुणी काय विचारलं ते चार रकान्यांत लिहायचं : शिकवलं, अडलेलं सोडवून दिलं, गाऱ्हाणं ऐकलं आणि कार्यालयीन घरकाम, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, निरोप समारंभ, वर्गणी. त्या वही घेऊन आल्या तेव्हा पहिला रकाना जवळपास कोरा होता. वेळ खाल्ला होता दुसऱ्याने आणि चौथ्याने. ‘पाच मिनिटं’ म्हणून आलेल्या मुलीची खुर्ची त्या स्वतः घ्यायच्या, क्वेरी (साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधायची आज्ञा) दुरुस्त करून द्यायच्या आणि तीच मुलगी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन यायची. या गोंधळात दोघींचंही नुकसान होतं. मुलगी शिकत नाही आणि बाईंच्या नावावर काही लागत नाही.

मार्गदर्शन आणि तांत्रिक काम यांतलं एकच निवडावं लागेल, अशी भीती त्यांच्या बोलण्यात वारंवार येत होती. इथे इतिहासाचा उपयोग होतो. डोरोथी वॉन 1943 मध्ये अमेरिकेच्या लँगली या विमानसंशोधनाच्या प्रयोगशाळेत (ती पुढे नासात गेली) हाताने आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तुकडीत लागल्या आणि 1949 मध्ये त्या तुकडीच्या प्रमुख झाल्या. इलेक्ट्रॉनिक संगणक आले तेव्हा त्यांनी स्वतः फॉरट्रान ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकून घेतली आणि सहकारी स्त्रियांनाही शिकवली. जे कौशल्य उद्या लागणार होतं तेच त्या शिकवत होत्या, त्यामुळे शिकवताना स्वतःही पुढे सरकत होत्या. ॲनी ईस्ली 1955 ते 1989 क्लीव्हलंडच्या अशाच संशोधन केंद्रात होत्या. सेंटॉर रॉकेटसाठी प्रोग्रॅम लिहिता लिहिता त्यांनी समान संधीच्या समुपदेशकाचं कामही केलं. ते संस्थेने नेमून दिलेलं काम होतं. मेरी जॅक्सन यांनी तर 1979 मध्ये अभियंत्याची श्रेणी सोडून, खालची श्रेणी पत्करून, लँगलीत स्त्री कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमाचं व्यवस्थापकपद घेतलं. किंमत मोजली, पण हाती पद आलं, अधिकार आला. आमच्या बाईंकडे यातलं काहीच नव्हतं.

मग रचना बदलली. आठवड्यातून एक ठरलेला तास, एका वेळी दोघेच जण, मुदत सहा महिने. येताना तीन ओळी लिहून आणायच्या : काय करून पाहिलं, संगणकाने त्रुटीचा नेमका कुठला संदेश दिला, स्वतःला काय वाटतं. कीबोर्ड शिकणाऱ्याच्याच हातात राहणार. हे शेवटचं ऐकायला सोपं वाटतं, पण तिथेच बहुतेकांचा तोल जातो. समोरचा चुकीच्या फाइलमध्ये शोधतोय हे दिसत असतं आणि हात शिवशिवतात. प्रत्यक्ष प्रणाली बंद पडली असेल तर अपवाद : दुरुस्ती बाई करतील, घटनेची नोंद मात्र कनिष्ठ लिहील, कारण आणि उपाय दोन्हींसह.

ठरावीकच लोकांना जवळ केल्याचा आरोप सहकाऱ्यांकडून व्हायचा. त्यासाठी विभागात सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली : तीन वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या कुणीही नाव द्यावं. ज्यांना खरी गरज असते ते मात्र अशा सूचनेखाली सहसा नाव लिहीत नाहीत, हा अनुभव आहे. म्हणून सूचना खुली, पण ती दाखवायला बाई स्वतः त्यांच्या टेबलापर्यंत गेल्या. अपमान, छळ, जातीवरून किंवा लिंगावरून टोमणे असे विषय तासातून बाहेर काढले. ऐकून घ्यायचं, तारीख, शब्द आणि संदेशांच्या प्रती जपायला सांगायचं आणि तक्रार समितीचा रस्ता दाखवायचा. मार्गदर्शकाने न्यायाधीश होऊ नये.

सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येते ती संधी, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रिस्टीन डार्डन लँगलीत आकडेमोडीच्या विभागात अडकल्या होत्या. तितकंच शिकलेल्या पुरुषांना अभियंत्यांचं काम मिळतं, मला का नाही, असं त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि अभियांत्रिकीच्या विभागात बदली झाल्यावर त्यांची दिशा पालटली. बाईंना सांगितलं, असं काम शोधा जे वरिष्ठांना दिसेल, चुकलं तर परत फिरवता येईल आणि ज्याला तारीख असेल.

त्यांनी निवडली बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, परत उभा करण्याची तालीम. बॅकअप रोज घेतला जात होता, पण तो उघडतो का हे कुणी तपासलं नव्हतं. दोन कनिष्ठांनी चाचणी सर्व्हरवर तो उभा केला, लागलेला वेळ लिहिला, मुख्य तक्त्यांतल्या ओळींची संख्या मूळ प्रणालीशी ताडून पाहिली. संख्या जुळली. पण लाभार्थ्यांच्या यादीत देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! एक जुना रकाना युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीचा नव्हता आणि उतरवताना अक्षरं हरवत होती. नुसते आकडे जुळवून काम संपवलं असतं तर हे कळलंच नसतं. अहवालावर त्या दोघांची नावं आणि आढावा बैठकीत तो मांडलाही त्या दोघांतल्या मुलीनेच. बाईंनी आदल्या दिवशी तिची दोनदा तालीम घेतली आणि बैठकीत स्वतः गप्प बसल्या. हे जमायला वेळ लागतो.

राहिला कागद. विभागप्रमुखांकडे अर्ध्या पानाचं पत्र दिलं : उद्देश, आठवड्याचा वेळ, सहा महिन्यांनी काय दाखवता येईल, आणि इतिवृत्ताची पाळी आळीपाळीने सगळ्यांकडे. उत्तर अपेक्षित तेच आलं, ‘तोंडी सांगितलंय ना, करा की.’ तोंडी परवानगी त्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते. म्हणून त्याच संध्याकाळी बाईंनी ईमेल पाठवला : आज झालेल्या चर्चेनुसार अमुक तारखेपासून हे काम सुरू करत आहे, काही बदल असल्यास कळवावे. बदल कळवला गेला नाही. तेवढं पुरतं.

पुढच्या स्वयंमूल्यमापनात ‘कनिष्ठांना मदत केली’ हे वाक्य आम्ही काढलं. त्याऐवजी लिहिलं : ‘बॅकअप पुनर्स्थापनेची पहिली चाचणी माझ्या देखरेखीखाली झाली, अक्षरसंचातील दोष सापडून दुरुस्त झाला, दोन कर्मचारी हे काम आता स्वतंत्रपणे करतात.’ बढतीची यादी अजून यायची आहे. इतिवृत्ताची पाळी मात्र पुरुष सहकाऱ्यांनी दोनदा टाळली. तिसऱ्या वेळी बाईंनी ते लिहायला नकार दिला आणि ती बैठक इतिवृत्ताविनाच राहिली.