बाप्तिस्म्यानंतरचे पहिले वर्ष

प्रिय बंधू, बाप्तिस्म्यानंतरचे पहिले वर्ष तुम्ही एकाच मंडळीत (चर्चमध्ये) काढावे, असे मी आग्रहाने सुचवतो. मुंबईत उपासनांना तोटा नाही, त्यामुळे दर रविवारी नवा उपदेश ऐकत फिरण्याचा मोह होतो. मीही दोन वर्षे तसाच फिरलो आणि आजारी पडलो तेव्हा प्रार्थनेसाठी घरी येणारे कोणीच नव्हते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत, आणि त्यांतली सहभागिता मोबाइलवरच्या उपदेशातून मिळत नाही. मेगाब्लॉक असेल तर अर्धा तास लवकर निघा. उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळायला थांबा, कारण कोणाच्या घरी काय अडचण आहे हे त्या वेळच्या बोलण्यातूनच कळते. 1895 मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भक्तिगीतेही (चाली जरा अवघड आहेत) हळूहळू तोंडपाठ होतील. घरच्यांशी वाद घालू नका. आईच्या हातातली बाजाराची पिशवी घेणारा मुलगा तिला आधी दिसू द्या, साक्ष (आपल्या विश्वासाविषयी सांगणे) नंतर. दानाची रक्कम मात्र पगाराच्या दिवशीच बाजूला काढावी.